शेअरला भाव आला आणि कंपनी गेली



वार्षिक सभेत, आणि सभेपेक्षाही सभेनंतरच्या चहाच्या वेळी, एक प्रश्न हमखास निघतो. खाजगी साखर कंपन्यांचे शेअर मुंबईच्या बाजारात विकले जातात, त्यांचे भाव रोज पेपरात येतात. मग आपल्या कारखान्याचा शेअर घेतला त्या दिवशी जेवढ्याचा होता तेवढ्याचाच कसा राहतो? त्याला भाव का येत नाही? प्रश्न रास्त आहे. "कायद्यात तसं बसत नाही" असे एका वाक्यात उत्तर देता येते, पण त्याने कोणाचे समाधान होत नाही आणि होऊही नये. म्हणून या अंकात आम्ही उलट बाजूने जाणार आहोत. ज्या शेअरला भाव येतो त्याचे पुढे काय होते, तो कोणाच्या हातात जातो आणि तिथे काय निर्णय होतो, हे एका घडलेल्या उदाहरणावरून सांगावयाचे आहे. उदाहरण इंग्लंडचे आहे. पण माल आपल्या पोरांच्या खिशात असतो तोच, कॅडबरीचे चॉकलेट. साखरेचे मोठे गिऱ्हाईक म्हणूनही आपल्याला ते नाव परके नाही.

जॉन कॅडबरी यांनी १८२४ साली बर्मिंगहॅम शहरात दुकान काढले. हे घराणे क्वेकर पंथाचे, दारूला विरोध करणारे. लोकांनी दारूऐवजी कोको प्यावा हा त्यांचा हेतू. पुढच्या पिढीने १८७९ मध्ये कारखाना शहराबाहेर नेला, त्या जागेला बॉर्नव्हिल नाव दिले आणि शेजारी बागबगीच्यासह घरांची वसाहत उभी केली. थोडक्यात, कारखाना आणि गाव एकमेकांच्या आधाराने वाढले. हे चित्र आपल्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

मात्र १९६२ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले. १९६९ मध्ये श्वेप्स या पेयांच्या कंपनीशी विलीनीकरण झाले, २००८ मध्ये दोघे पुन्हा वेगळे झाले. या सगळ्यात घराण्याचा भाग पातळ होत होत नाममात्र उरला. २००९ साली कॅडबरीचे मालक होते ते पेन्शन फंड, विमा कंपन्या, म्युच्युअल फंडासारख्या संस्था, निम्म्याच्या आसपास तर अमेरिकेतल्या. नाव कॅडबरीचे, पाटी कॅडबरीची, पण मतांची नोंदवही दुसऱ्यांची. ही गोष्ट कोणाच्या डोळ्यावर आली नाही, कारण तोवर कोणी दार वाजवले नव्हते.

७ सप्टेंबर २००९ रोजी ते वाजले. शिकागोजवळच्या क्राफ्ट या बड्या अमेरिकन खाद्य कंपनीने जाहीर केले की, आम्ही सगळी कॅडबरी घेऊ इच्छितो. देकार होता शेअरमागे सुमारे ७४५ पेन्सचा (शंभर पेन्सचा एक पौंड). त्याआधीच्या शुक्रवारी शेअरचा भाव होता ५६८ पेन्स. कॅडबरीचे अध्यक्ष रॉजर कार आणि संचालक मंडळ म्हणाले, ही किंमत कमी आहे, आम्हाला विकायचे नाही. बाजाराने मात्र वेगळाच कौल दिला. त्याच दिवशी भाव ७८० च्याही वर गेला, म्हणजे देकारापेक्षा जास्त. याचा अर्थ काय? याचा अर्थ असा की, कोणीतरी असे धरून चालले होते की क्राफ्ट आणखी वाढवणार, आणि ते वाढण्याच्या आधीच माल गोळा करायला लागले होते.

हे कोणीतरी म्हणजे कोण, हे कळणे महत्त्वाचे. बाजारात त्यांना आर्बिट्राजवाले म्हणतात. भानगड वाटते तेवढी अवघड नाही. समजा तुमचा ऊस गेला, टनाला ३००० रुपये बिल निघणार आहे, पण पैसे खात्यावर यायला अजून काही आठवडे आहेत. तुमच्याकडे लग्न आहे. गावातला एक व्यापारी येतो आणि म्हणतो, "मला २९४० ने बिल लिहून द्या, पैसे आत्ता मोजतो." तुम्ही साठ रुपये सोडले आणि मोकळे झाले. व्यापाऱ्याने साठ रुपये कमावले, पण त्याबरोबर एक जोखीमही गळ्यात घेतली: कारखान्याने बिल दिले नाही तर तो बुडाला. त्याला तुमच्या उसाशी, रानाशी, कारखान्याच्या पुढच्या हंगामाशी काही देणेघेणे नाही. त्याला एकच गोष्ट हवी आहे, बिल निघाले पाहिजे आणि लवकर निघाले पाहिजे.

कंपनी विकत घेण्याचा देकार आला की अगदी हेच होते. समजा देकार शंभरचा आहे, पण तो पुरा व्हायला तीन महिने लागणार, सरकारी परवानग्या लागणार, तो मोडूही शकतो. म्हणून बाजारात भाव ९७ असतो. ९७ ला घ्यायचा, तीन महिन्यांनी शंभर घ्यायचे. तीन महिन्यांत तीन टक्के, म्हणजे वर्षाला बारा टक्क्यांच्या घरात. आणि पैसा दुसऱ्याचा व्याजाने आणलेला असला तर आकडे मोठे होतात. पण सौदा मोडला तर भाव जुन्या जागी, समजा सत्तरवर, येऊन बसतो. मिळाले तर तीन, गेले तर सत्तावीस. हिशेब करून पाहा: दहापैकी नऊ सौदे पुरे झाले तर हा माणूस जेमतेम बरोबरीत. म्हणजे हा निव्वळ सट्टा नव्हे. कोणता सौदा पुरा होईल याचा अंदाज बांधणे हेच त्याचे कसब. (ज्याला अंदाज नको, खात्री हवी, तो आतली बातमी विकत घ्यायला जातो. अमेरिकेत इव्हान बोस्की नावाचा या धंद्यातला बडा माणूस १९८६ मध्ये याच कारणाने पकडला गेला. त्याला दहा कोटी डॉलर भरावे लागले आणि तुरुंगातही जावे लागले.)

यात आणखी एक पेच असतो. क्राफ्टचा देकार सगळा रोख नव्हता. काही रोख आणि काही क्राफ्टचे शेअर. त्यामुळे क्राफ्टचा भाव पडला की देकारही आपोआप घसरायचा. सप्टेंबरात ७४५ पेन्सचा असलेला तोच देकार ९ नोव्हेंबरला रीतसर दाखल करताना ७१७ पेन्सचा राहिला होता! मुरलेला आर्बिट्राजवाला यावर तोड काढतो. तो क्राफ्टचे शेअर उसने घेऊन आजच्या भावाने विकून टाकतो. सुगीला आपल्याला दहा पोती गहू येणारच आहेत, तेव्हा शेजाऱ्याकडून दहा पोती उसनी घेऊन आजच विकायची आणि आपली आली की परत करायची, तसे. मग गव्हाचा भाव पडो की चढो, याला काही फरक पडत नाही.

आता कॅडबरीकडे वळू. लढाई साडेचार महिने चालली. ५ जानेवारी २०१० पर्यंत क्राफ्टचा देकार ज्यांनी स्वीकारला त्यांचे शेअर भरत होते जेमतेम दीड टक्का. वरवर पाहता कॅडबरीचे भागधारक ठाम उभे होते. खुद्द क्राफ्टचे सगळ्यात मोठे भागधारक वॉरन बफे हेसुद्धा क्राफ्टने फार पैसे मोजू नयेत म्हणून विरोधात बोलत होते. पण आत वेगळेच चालले होते. देकार न स्वीकारणारे जुने भागधारक आपले शेअर बाजारात विकत होते. भाव आठशेकडे गेला होता. ५६८ चा माल एवढ्याला जात असेल तर घ्या पैसे, उगाच सौदा मोडायची वाट कशाला पाहा, असा सरळ विचार. आणि विकलेला प्रत्येक शेअर हेज फंडांकडे, आर्बिट्राजवाल्यांकडे जात होता. रॉजर कार यांनी नंतर जाहीर भाषणात आकडे सांगितले. देकारापूर्वी अशा अल्पमुदतीच्या लोकांकडे सुमारे ५ टक्के शेअर होते, शेवटी ते ३१ टक्क्यांच्या आसपास झाले.

आम्हाला या सगळ्या प्रकरणातला हा आकडा सर्वांत बोलका वाटतो. ज्यांनी कंपनी वाढताना पाहिली ते "नाही" म्हणालेच नाहीत आणि "हो"सुद्धा म्हणाले नाहीत. ते नुसते उठून गेले. त्यांच्या रिकाम्या खुर्चीवर जो येऊन बसला त्याचे मत आधीच ठरलेले होते. बिल विकत घेतलेला व्यापारी कधी म्हणेल का, की बिल निघाले नाही तरी चालेल? संचालक मंडळाने कितीही पटवून दिले, पुढच्या पाच वर्षांचे आराखडे मांडले, तरी ऐकणारा पाच आठवड्यांचा पाहुणा असेल तर त्याचा काय उपयोग?

१९ जानेवारी २०१० रोजी क्राफ्टने देकार ८४० पेन्सवर नेला, शिवाय कॅडबरीकडून शेअरमागे १० पेन्सचा खास लाभांश. एकूण व्यवहार सुमारे साडेअकरा अब्ज पौंडांचा. संचालक मंडळाने मान तुकवली आणि भागधारकांना होकाराची शिफारस केली. नोंदवही फिरली आहे, हे त्यांना दिसत होते. क्राफ्टला निम्म्याहून एक शेअर जास्त पुरेसा होता. २ फेब्रुवारीला ७१.७३ टक्के शेअरवाल्यांचा होकार पदरात पडला.

विकणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. आम्ही देणार नाही, किंवा निदान घाईने देणार नाही. एकट्या फंडवाल्याच्या जागी बसून पाहा. पाच महिन्यांत ५६८ चे ८४० होताहेत, शेकडा ४८ ची वाढ. तो दुसऱ्यांच्या पेन्शनचे पैसे सांभाळतो, दर तीन महिन्यांनी त्याचा हिशेब तपासला जातो. त्याने नाही म्हटले आणि बाकीच्यांनी हो म्हटले तर कंपनी जायची ती जाणारच, वर हा अल्पमतात लटकणार. मोठा मालक एक आणि हा कोपऱ्यात. तिथल्या कायद्याने देकारातले नव्वद टक्के शेअर घेणाऱ्याकडे जमले की उरलेल्यांचे सक्तीने घेता येतात. उलट याने शेअर धरून ठेवले आणि देकार मोडला, तर भाव पुन्हा खाली आणि साहेब विचारणार, "तेव्हा का विकले नाहीस?" प्रत्येकाचा हिशेब आपापल्या वहीत बरोबर. एकत्र केल्यावर जो निकाल लागला तो मात्र कोणी बसून, विचार करून घेतलेला नव्हता.

असा हिशेब आपल्याकडे होत नाही असे कोणी समजू नये. गाळप हंगामात शेजारचा कारखाना टनाला शंभर रुपये जादा बोलतो आणि तोडणी टोळी लगेच देतो. एका सभासदाने ऊस घातला तर कारखान्याचे काय बिघडते? काही नाही. दोनशे जणांनी तोच विचार केला की कारखाना लवकर बंद होतो, वरखर्च उरलेल्यांच्या टनावर बसतो आणि पुढच्या साली दर देताना ओढाताण होते. त्या दोनशे जणांतला कोणीही कारखाना बुडवायला निघालेला नसतो.

क्राफ्टच्या गोष्टीचा पुढचा भाग कामगारांचा आहे. ब्रिस्टल आणि बाथ या शहरांच्या मध्ये केन्शम गावी कॅडबरीचा सोमरडेल नावाचा कारखाना होता. तो बंद करून काम पोलंडला न्यायचे हे खुद्द कॅडबरीनेच २००७ मध्ये ठरवले होते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. देकार देताना क्राफ्ट म्हणाली, आम्हाला हा कारखाना चालू ठेवता येईल असे वाटते. कामगारांना आशा वाटली. ९ फेब्रुवारी २०१० रोजी, म्हणजे बहुमत हाती आल्यावर बरोबर आठवड्याने, क्राफ्टने सांगितले की पोलंडचे काम फार पुढे गेले आहे, कारखाना बंदच होणार. सुमारे चारशे कामगारांचा प्रश्न होता. मे महिन्यात तिथल्या टेकओव्हर पॅनेलने क्राफ्टवर जाहीर ठपका ठेवला. ठपक्याने यंत्रे परत सुरू होत नाहीत. २०११ च्या प्रारंभी सोमरडेल बंद पडले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ताबा घेण्याचे नियम कडक करण्यात आले. मात्र देकारानंतर शेअर घेणाऱ्यांना मत देऊ नये, किंवा निम्म्याऐवजी साठ टक्क्यांची अट घालावी, अशा ज्या सूचना झाल्या होत्या त्या मान्य झाल्या नाहीत. शेअर घेतला की मतही आले, हे तत्त्व मोडायला ते तयार झाले नाहीत. २०१२ मध्ये खुद्द क्राफ्टचेच दोन भाग झाले आणि कॅडबरी मॉन्डेलीझ नावाच्या कंपनीकडे गेली.

आता दुसरे उदाहरण, तेही चॉकलेटचेच. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात मिल्टन हर्शी यांनी कारखाना काढला, भोवती गाव वसवले आणि १९०९ मध्ये अनाथ मुलांसाठी शाळा स्थापन केली. आपली मालमत्ता त्यांनी त्या शाळेच्या ट्रस्टला देऊन टाकली. हर्शी कंपनीचे शेअरही बाजारात आहेत, पण मतांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक या ट्रस्टच्या हातात. २००२ मध्ये खुद्द ट्रस्टच्याच मनात आले की कंपनी विकावी आणि पैसा दुसरीकडे गुंतवावा. बातमी फुटताच एका दिवसात शेअर सुमारे पाव पटीने उसळला, आर्बिट्राजवाले धावले. पण तिथे गाव उठले. कामगार, जुने विद्यार्थी, शेजारीपाजारी रस्त्यावर आले. राज्याचा ॲटर्नी जनरल कोर्टात गेला. १७ सप्टेंबर २००२ च्या रात्री रिगली कंपनीचा साडेबारा अब्ज डॉलरचा देकार समोर असताना ट्रस्टने विक्री रद्द केली. भाव गडगडला आणि आर्बिट्राजवाल्यांचे हात पोळले. बॉर्नव्हिलचे लोक काही हर्शीच्या लोकांपेक्षा कमी जीव लावणारे नव्हते. पण हर्शीत मते एका जागी होती आणि त्या जागेचा पत्ता गावकऱ्यांना ठाऊक होता. बॉर्नव्हिलवाल्यांनी कोणाच्या दारात जाऊन बसायचे? मालक तर रोज बदलत होता.

आपल्या राज्याचाही या गोष्टीशी धागा आहे. कॅडबरीची भारतीय कंपनी १९४८ पासूनची, ठाण्याला कारखाना, पुण्याजवळ इंदुरीला दुसरा. तिचे शेअर मुंबईच्या बाजारात होते. इंग्लंडच्या मूळ कंपनीने २००२ मध्ये इथल्या छोट्या भागधारकांना शेअरला ५०० रुपये देऊ केले. बहुतेकांनी घेतले, पुढे शेअर बाजारातून काढण्यात आला. थोडेसे लोक अडून बसले, मूल्यांकनावरून मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. तिथे २०१४ मध्ये शेअरची किंमत ठरली २०१४ रुपये ५० पैसे. चौपट! पण त्यासाठी बारा वर्षे, मधे बाजार नाही, विकायची सोय नाही, वकिलाच्या तारखा. ज्याला २००२ मध्ये पैशाची नड होती त्याने ५०० घेतले म्हणून त्याला मूर्ख ठरवता येणार नाही.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या शेअरला भाव येत नाही कारण तो कोणालाही, कितीलाही विकता येत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे सभासदाकडे शेअर कितीही असोत, मत एक. कोणा एका व्यक्तीला भांडवलाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त शेअर ठेवता येत नाहीत. हस्तांतरणाला संस्थेची मंजुरी लागते. त्यामुळे कोणी पैशाची थैली घेऊन गावोगाव फिरला आणि हजार सभासदांचे शेअर गोळा करतो म्हणाला, तरी त्याला हजार मते मिळत नाहीत. आर्बिट्राजवाल्याला इथे उभे राहायला जागाच नाही. शेअरचे मोल बाजारातल्या भावात नाही. ते सभासद म्हणून ऊस गाळपाला लावण्याच्या हक्कात, उसाच्या दरात आणि सभेत उभे राहून जाब विचारण्यात आहे.

याची किंमतही आपण मोजतो, ती लपवण्यात अर्थ नाही. खाजगी कंपनीचा कारभार बिघडला तर भागधारक शेअर विकून बाहेर पडतो, भाव पडतो, संचालकांना चटका बसतो. आपल्याला ती पळवाट नाही. सभा आणि मतपेटी एवढ्याच दोन जागा. तिथे सभासद आला नाही तर चटका देणारे दुसरे कोणी नाही. आणि शेअरच्या वाटेने आपला कारखाना कोणाला घेता येत नसला तरी कर्जाच्या वाटेने तो जाऊ शकतो. २००२ च्या सरफेसी कायद्याने बँकेला थकलेल्या कर्जापोटी तारण मालमत्ता ताब्यात घेऊन विकता येते. आपल्या राज्यात सहकारी कारखाने अशा लिलावांत खाजगी मालकांकडे गेले आहेत. तिथे सभासदाला देकार येत नाही, ७४५ नाही आणि ८४० नाही. आलेल्या पैशातून आधी देणेकऱ्यांचे भागते, सभासदाच्या भागभांडवलाचा नंबर सर्वांत शेवटी. म्हणून ताळेबंद हातात पडला की दराची पाने उलटण्याआधी कर्जाचा तक्ता पाहावा: मुदतकर्ज किती, त्यातले थकलेले किती, आणि गेल्या सालापेक्षा वाढले की घटले.

राहता राहिली नोंदवही. कॅडबरीची नोंदवही विक्रीने बदलली, सहकारी संस्थेची ती न बदलल्याने बिघडते. मयत सभासदांची नावे वर्षानुवर्षे तशीच राहतात आणि ऊस पिकवणारा मुलगा किंवा सून मतदार यादीत नसते. ज्यांच्या घरी अशी नोंद राहिली असेल त्यांनी मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद आणि मूळ भाग दाखला घेऊन शेअर्स विभागात अर्ज द्यावा. ज्यांनी नामनिर्देशन केलेले नाही त्यांनी तो फॉर्मही त्याच खिडकीवर भरून घ्यावा.